ओला कोट

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता, माणिकपूरच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत, सालोमी तुस्कानोला डाव्या कानात सूर ऐकू आला नाही. तिने पुन्हा बटण दाबलं. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे सूर निघाला होता. वायरमधून हेडफोनपर्यंत पोचला होता आणि तिथून पुढे, कानाच्या दारातच कुठेतरी थबकला होता. तिने आवाज एक पायरी वाढवला, मग आणखी एक. पाचव्या पायरीला तो आला, फार लांबून, कुणीतरी विहिरीच्या तळाशी नखाने दगड खरवडावा तसा. गेली बावीस वर्षं दवाखाना उघडण्याआधी ती रोज हे करत आली होती. यंत्र नीट चाललंय की नाही हे स्वतःच्या कानांवर तपासायचं आणि आकडे वहीत लिहायचे. आकडे रोज तेच. इतके तेच, की कधी कधी ती आधी लिहून टाकायची आणि मग ऐकायची. यंत्रच बिघडलं असणार, असं तिला वाटलं. तिने हेडफोन उलटे घातले. डाव्या बाजूचा उजव्या कानावर आला आणि सूर स्वच्छ ऐकू आला, धुतलेल्या काचेसारखा. यंत्राला काही झालं नव्हतं. बाहेर जिन्यावर ज्ञानदाच्या सँडल वाजल्या. तिची ही सहकारी नायगावहून यायची, सव्वीस वर्षांची, येताना नेहमी धापा टाकत. सालोमीने पेन उचललं आणि वहीत शनिवारचे आकडे उतरवले.

मग दिवसभर तिने लोकांचे कान तपासले. काचेच्या पलीकडे, स्पंज लावलेल्या त्या छोट्या खोलीत एकेक जण येऊन बसत होता आणि ती प्रत्येकाला तेच सांगत होती, "आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक असला तरी." ऐकण्यासाठी थांबलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. चर्चच्या मिस्सेत, प्रार्थनेच्या वेळी, घंटी वाजण्याआधी सगळं देऊळ जसं श्वास धरतं, तसा तो एकटा चेहरा श्वास धरतो. काही जण न ऐकताच बोट वर करतात, परीक्षेत नापास व्हायच्या भीतीने. अशांना ती लगेच ओळखायची. त्या दिवशी एका म्हाताऱ्या मास्तरांनी तसंच केलं. एरवी ती हसून म्हणाली असती, "सर, अजून मी काही वाजवलंच नाही." पण तिने नुसतं पुढचं बटण दाबलं. तिला वाटलं, काचेत आपलाच चेहरा दिसतोय आणि आपलं बोट वर आहे.

ऐकू येणं कसं जातं, हे तिला पाठ होतं. आधी पहाटेचे पक्षी जातात, पण ते गेल्याचं कुणाला कळत नाही. मग लहान मुलांचं बोलणं जातं. मग शब्दांमधला 'स' जातो, 'फ' जातो, आणि माणूस उरलेल्या अक्षरांवरून अंदाज बांधत हसू लागतो. शेवटी समोरचे लोक कंटाळतात. तिने हे घरात पाहिलं होतं. भुईगावातल्या त्या घरात ती आणि तिचे पपा, लुईस, असे दोघंच राहत. पपा एक्क्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. उत्तनपासून अर्नाळ्यापर्यंत सगळ्या गावांत त्यांच्या बँडचं नाव होतं. शनिवारी दुपारी ते पितळी बटणांचा लाल कोट घालून सायकलवर निघायचे आणि ममा दारात उभी राहून, ते वळणाआड गेले की, सुस्कारा टाकायची. ममाला आवाज खपत नसे. घरातला आवाज वईच्या, अंगणाच्या कुंपणाच्या, बाहेर जाता कामा नये, असं ती म्हणायची. भांडणाचा नाही, गाण्याचा नाही, रडण्याचा तर नाहीच. सालोमीला वाढवलं ते ममाने. म्हणून सालोमी दारं हळू लोटायला शिकली, चर्चच्या कॉयरमध्ये ओठ हलवून शेजारणीचा आवाज आपला मानायला शिकली, आणि पुढे नोकरीही अशी मिळाली की जिथे कुजबुजण्याचे पैसे मिळत. ममा गेली. मग पपांचे कान गेले. मशीन लावायला त्यांनी नकार दिला. लोकांच्या कानात मशीन बसवणाऱ्या बाईचे वडील, पण नाही म्हणाले. ओरडून बोलणं सालोमीला जमेना. तोंडाशी हात नेला की जेवायला चला, मनगटावर बोट ठेवलं की गोळ्यांची वेळ झाली, असं त्यांचं सुरू झालं आणि दहा वर्षं तेच राहिलं. पपा कधी विचारायचे, "काय म्हणालीस?" ती हात हलवायची. काही नाही.

बुधवारी ॲल्रॉय आला. भुईगावचाच, परेरांचा मोठा मुलगा, तिशीतला. फिनलंडमध्ये ताम्परे नावाच्या शहरात साउंडचं काम शिकून तिथेच राहिला होता. त्याच्यासोबत एक उंच बाई होती. वय सालोमीएवढंच, अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. पिकलेले केस मुलांसारखे कापलेले, हाताच्या बोटांना पट्ट्या.

"सालोमी आंटी, ही रीत्ता," ॲल्रॉय म्हणाला. "आमच्या बँडची ड्रमर. पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आलेत चौघं. इकडे तीन शो करतोय. हिच्या कानात शिट्टी वाजते म्हणते. जरा बघता?"

रीत्ता काचेपलीकडे जाऊन बसली. तिने डोळे मिटले. सालोमीने पाहिलं, ही बाई श्वास धरत नव्हती. सैल बसली होती, सूर येवो न येवो, एखाद्या थांब्यावर बस येईल तेव्हा येईल अशी. कागदावर रेघ उतरत गेली आणि चार हजारपाशी, उंच सुरांच्या जागी, सरळ दरीत कोसळली. दोन्ही कानांची तीच गत. सालोमीने असे आलेख कारखान्यातल्या माणसांचे पाहिले होते. हे सांगताना ती आवाज आणखी खाली आणायची, तसा तिने आणला. रीत्ताने कागद उजेडात धरला आणि मोठ्याने हसली. तिच्या तुटक इंग्रजीत ती म्हणाली की हे अगदी आमच्या गावच्या तळ्यासारखं दिसतंय, कडेला उथळ आणि मध्ये एकदम खोल. तिने फोटो काढला, बँडच्या बाकीच्यांना पाठवलासुद्धा. मग सहज विचारलं, "आणि तुमचा कसा दिसतो?"

"माझा?" सालोमी म्हणाली. "सरळ रेघ."

हे खोटं बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. तिने रीत्ताला सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. कानाच्या मापाचे प्लग बनवून देते, ते घालूनच वाजवायचं. मग तिने रीत्ताच्या कानात माप घ्यायचा गुलाबी मसाला भरला आणि तो घट्ट होईपर्यंत दोघी दहा मिनिटं एकमेकींसमोर बसल्या. माप काढलं तेव्हा हातात आली ती रीत्ताच्या कानाची आतली पोकळी, वळणं-वळणं असलेली, समुद्रावर सापडणाऱ्या एखाद्या शिंपल्यासारखी. इतकी वर्षं तिने अशी मापं काढली होती, पण ते त्या दिवशी टेबलावर ठेवताना तिला वाटलं, माणसाच्या आत एवढीशी जागा असते आणि सगळं जग त्यातून जायचं असतं.

जाताना ॲल्रॉयने तिच्या हातात एक पास ठेवला. बँडचं नाव 'मॅर्का ताक्की'. "म्हणजे ओला कोट," तो म्हणाला. "शनिवारी सहाला, इथेच, लग्नाच्या हॉलमध्ये. या ना आंटी. लवकर संपतं."

ती जाणार नव्हती. शनिवारी दवाखाना बंद करून ती रिक्षाच्या रांगेत उभीही राहिली, आणि तिचा नंबर आला तेव्हा मागच्या बाईला म्हणाली, तुम्ही जा. हॉलमध्ये आदल्या लग्नाचे थर्माकोलचे हंस अजून भिंतीवर होते. शंभरेक तरुण मुलंमुली उभी होती, कुणाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती दाराजवळच्या खांबाला टेकून राहिली, कानात घालायला आणलेला कापूस पर्समध्येच होता. चौघं आले. गाणारा यूहो हा काडीसारखा माणूस अनवाणी होता. त्याने काहीतरी म्हटलं, रीत्ताने काठ्या एकमेकींवर चारदा आपटल्या आणि मग आवाज सुरू झाला असं म्हणता येणार नाही, कारण त्याआधी काहीतरी होतं आणि ते संपलं, एवढंच सालोमीला कळलं. खांब थरथरत होता. तिच्या बरगड्या थरथरत होत्या. पहिली काही मिनिटं ती नुसती घाबरून रीत्ताचे हात बघत राहिली. झांजेवरचा प्रत्येक फटका त्या दरीतून आणखी थोडी माती काढतोय, हे तिला आलेखासारखं दिसत होतं. मग ते दिसेनासं झालं. यूहो उड्या मारत होता, पडत होता, पडल्या पडल्या गात होता. गिटारवाला मुलगा आपल्याच वायरीत अडकून हसत होता. आणि मागे ती पिकल्या केसांची बाई, तोंड उघडं, घामाने भिजलेली, एखादीने पोरांनी भरलेलं घर एका हाताने सावरावं तसं सगळं सावरत होती. सालोमीला एकही शब्द समजत नव्हता, आणि समजत नाही म्हणून अंदाज बांधून हसण्याचीही गरज नव्हती. इथे कुणालाच बारीक काही ऐकायचं नव्हतं.

त्या आवाजात तिला झोप यावी तसं काहीतरी येत गेलं. ती आठ वर्षांची होती आणि वाडीत विहिरीच्या काठावर पपांजवळ बसली होती. ममा पेठेत गेली होती. पपांनी ट्रम्पेट तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाले, फुंकू नको, थुंक, भाताचं तूस ओठावरून उडवतात तसं. तिने तसं केलं आणि त्या पितळी तोंडातून एक आवाज निघाला, म्हशीच्या रेकण्यासारखा, बेढब, अफाट. केळीतले बगळे उडाले. पपा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा आवाज आपला आहे याची तिला भीती वाटली होती, आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी वाटलं होतं, ज्याला तिने पुढे चाळीस वर्षं नाव दिलं नाही. हॉलबाहेर पडली तेव्हा नुकता अंधार झाला होता. माणिकपूरचा रस्ता कापसात गुंडाळल्यासारखा वाटत होता. रिक्षांचे हॉर्न दूर, भाजीवाल्यांची हाक दूर. तिने डावा कान बोटाने बंद करून पाहिला, मग उजवा. दोन्हीकडे सारखंच मंद. जोराच्या आवाजानंतर कान तासभर असे होतात, हे ती पेशंटना दम देऊन सांगायची. तो तासभर तिचे दोन्ही कान सारखे झाले होते, आणि त्याचा तिला आनंद झाला, लाज वाटण्याइतका.

सोमवारी तिने वहीत पुन्हा जुनेच आकडे लिहिले. मंगळवारीही लिहिले. गुरुवारी प्लग तयार होऊन आले. ॲल्रॉय म्हणाला की मी कुणाला तरी पाठवतो, शनिवारी आमचा शो चिंचोटीजवळ आहे. ती म्हणाली, "नको, बसवून द्यावे लागतात. मीच येते." हे अर्धंच खरं होतं.

फेब्रुवारीत चिंचोटीचा धबधबा म्हणजे काळ्या खडकावरचा पांढरा डाग. पावसाळ्यात गर्दी पेलणारं ते रिसॉर्ट रिकामं पडलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये कुठल्याशा ऑफिसची सहल आली होती आणि दुपारच्या जेवणानंतर लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पेंगत होते. त्यांच्यासमोर बँड वाजवणार होता. सालोमीने शेडमागे उन्हात रीत्ताला स्टुलावर बसवलं आणि एकेक प्लग तिच्या कानात फिरवून बसवला. तिच्या बोटांना रीत्ताच्या कानामागची नस उडताना जाणवली. इतक्या जवळ, डोंगराच्या त्या वाळलेल्या शांततेत, तिला वाटलं, आता सांगावं. हिला सांगायला काय हरकत आहे? ही दोन-तीन दिवसांत निघून जाईल.

"माझी रेघ सरळ नाही," ती म्हणाली, अर्थात तिच्या नेहमीच्या आवाजात.

"काय?" रीत्ता म्हणाली. प्लग नवे होते, घट्ट होते. तिने कान पुढे केला. "मोठ्याने बोला!"

शेडच्या कोपऱ्यावर ॲल्रॉय वायर गुंडाळत उभा होता. आचारी भांडी घासत होता. सालोमीची नजर त्या दोघांवरून फिरली. "काही नाही," ती म्हणाली. "घट्ट बसलेत ना, तेच विचारत होते." मग ती मागच्या खुर्चीत जाऊन बसली. चौघांनी त्या तीस पेंगुळलेल्या माणसांसमोर वाजवलं ते गेल्या शनिवारच्या शंभर जणांसमोर वाजवलं तितक्याच जोराने, कणभरही कमी नाही. आधी लोक एकमेकांना कोपरं मारून हसले. मग एक जाडसर गृहस्थ उठून नाचू लागले, मग त्यांच्या ऑफिसातल्या बायका. यूहो टेबलावर चढला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा ओरडू लागला, एइ विएला, एइ विएला, आणि सगळे त्याच्यामागे. सालोमीने ओठ हलवले. नुसते. तिला स्वतःचा इतका राग आला की शेडमधून उठून ती वाळक्या ओढ्यात उतरली आणि गाणं संपेपर्यंत एका गुळगुळीत दगडावर बसून राहिली. परतताना गाडीत तिने ॲल्रॉयला त्या ओळीचा अर्थ विचारला. "अजून नाही," तो म्हणाला. "आई उठवते, ऑफिस बोलावतं, डॉक्टर बोलावतो, मरण बोलावतं, आणि हा म्हणतो, अजून नाही. बस, एवढंच गाणं आहे आंटी."

तिसरा कार्यक्रम रविवारी चार वाजता परेरांच्या वाडीत झाला. भुईगावातलं सगळं ओळखीचं जग तिथे होतं. चर्चच्या धर्मग्रामातले लोक, कॉयरमधल्या बायका, ॲल्रॉयची आजी खुर्चीत, केळीच्या सावलीत धावणारी पोरं. सालोमीने पपांनाही खुणेने विचारलं होतं, येता का? त्यांनी मान हलवली. मला काय करायचंय तिथे, असा त्या मानेचा अर्थ होता. ती एकटी आली आणि बायकांच्या मागे उभी राहिली. दोन गाणी झाली. गावकरी हाताची घडी घालून, पाहुण्यांचा मान ठेवत ऐकत होते. तिसरं गाणं भरात आलं आणि वीज गेली. गिटार एकदम मेली. यूहोचं तोंड उघडं, पण आवाज नाही. वाडीत अचानक कावळे ऐकू आले. फक्त रीत्ता थांबली नाही. तिच्या ड्रमना विजेची गरजच नव्हती. प्लग घातलेल्या तिला कदाचित कळलंही नसेल. ती वाजवतच राहिली, आणि उघड्यावर तो आवाज सुटा सुटा, लाकूड फोडल्यासारखा, माडांत जाऊ लागला. यूहोने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नुसत्या घशाने ओरडला, "एइ विएला!" त्याचा आवाज मागपर्यंत पोचला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. आता हे संपणार, असं सालोमीला दिसलं. हे असंच संपतं, सगळे हळूच हसतात, कुणीतरी टाळी वाजवतं, आणि काही नाही.

"एइ विएला!"

पुढच्या बायकांनी वळून पाहिलं तेव्हा तिला कळलं की हे आपण ओरडलो. आवाज फाटका होता, वर गेलेला, बेढब. ती पुन्हा ओरडली. स्वतःचा आवाज माणूस कानांनी थोडा आणि हाडांनी जास्त ऐकतो, हे ती पुस्तकातून शिकली होती. आता तो जबड्यातून, कवटीतून, डावीकडून आणि उजवीकडून सारखाच येत होता, आणि त्यात कुठेही दरी नव्हती. तिसऱ्या वेळी ॲल्रॉयची आजी तिच्या बरोबर ओरडली, अर्थ माहीत नसताना, मग पोरं, मग सगळी वाडी. वीज आली की नाही, आणि आली तर कधी, हे सालोमीला पुढे आठवेना. रीत्ताने शेवटी काठ्या हवेत फेकल्या तेव्हा सूर्य केळीच्या पानांमागे गेला होता आणि सालोमीचा घसा पार बसला होता. मंगळवारी ते चौघं गेले. निरोप घेताना रीत्ताने तिला घट्ट धरलं.

पण त्याआधीच, सोमवारी सकाळी, सालोमी स्वतः काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली होती. ज्ञानदा दारातच थांबली.

"मॅडम, तुम्ही आत?"

"माझी टेस्ट कर," सालोमी बसलेल्या घशाने म्हणाली. "पूर्ण. दोन्ही कान."

ती आत एकटी होती. दार बंद झालं आणि स्पंजने बाहेरचं सगळं पिऊन टाकलं. डावा कान सुरू झाला. ती बोट वर करत गेली, मग बराच वेळ करायला काही नव्हतं. काचेतून तिला ज्ञानदाचा खाली गेलेला चेहरा दिसत होता. न ऐकता बोट वर करावं असा मोह झाला, एकदा झाला, आणि गेला. ज्ञानदा कागद घेऊन आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "पण मॅडम, वहीत तर शनिवारपर्यंत सगळं नॉर्मल आहे."

"वहीतलं खोटं आहे. पंधरा दिवसांचं. मीच लिहिलंय."

"डॉक्टर सरांना काय सांगू मग?"

"तू काही नको सांगूस. मी सांगते."

तिने सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ वही चाळत राहिले. यंत्र खरं तपासलंच गेलं नव्हतं, म्हणून त्या पंधरा दिवसांतल्या पेशंटना त्यांनी पुन्हा बोलवायला लावलं, एकेकाला फोन करून, आणि ते फोन सालोमीनेच करायचे ठरले. तो तिला झालेला दंड होता आणि तिला तो योग्य वाटला. सकाळची तपासणी इथून पुढे ज्ञानदाच्या कानांवर व्हायची होती. तिचा कान हळूहळू जाईल, घराण्यात आहे, किती वर्षं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिने मान हलवली. हेच वाक्य तिने किती लोकांना किती हळू आवाजात सांगितलं होतं.

साडेपाचला ती घरी आली तेव्हा पपा ओट्यावर बसले होते. समोरच्या रस्त्याने पाववाला सायकलवरून जात होता, शेजारी आग्नेल भिंतीला चुना लावत होता. ती पायरीवर बसली. पपांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"पपा, मलापण कमी ऐकू येतंय."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय?"

"मला कमी ऐकू येतंय!"

"मोठ्याने बोल गं. काय येतंय?"

सालोमी उठून उभी राहिली. घसा दुखत होता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, म्हणजे वईच्या पार पलीकडे, रस्त्याच्याही पलीकडे ऐकू जाईल असं ओरडली, "माझा कान चाललाय, पपा! तुमच्यासारखा! मला भीती वाटतेय!"

आग्नेलचा कुंचला भिंतीवर थांबला. पाववाल्याने पाय टेकला. पपांच्या चेहऱ्यावर ते शब्द एकेक करून पोचताना तिने पाहिले, तिच्या कामात रोज पाहते तसे. सगळ्यात शेवटी शेवटचं वाक्य पोचलं. दहा वर्षांत त्यांना कुणी एवढं मोठं काही सांगितलं नव्हतं.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

तिने डाव्या कानाला हात लावला.

"माझा उजवा जास्त गेला," ते म्हणाले. "ड्रमवाला उजवीकडे बसायचा." मग ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, आपली वेताची खुर्ची त्यांनी उचलली. ती मदतीला पुढे झाली तर तिला हातानेच थांबवलं. खुर्ची पायरीच्या पलीकडच्या अंगाला, तिच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली, जरा पुढे, जरा मागे करून पाहिली, आणि ते बसले. आता त्यांचा डावा कान तिच्याकडे होता आणि तिचा उजवा त्यांच्याकडे.

"हां," ते म्हणाले. "आता सांग."